हादऱ्याचा शेवट

मागच्या चाकाआड वाकून पाहिले, की बोलेरोचा शॉकअप लगेच दिसतो. चासीपासून तिरका उतरून अ‍ॅक्सलपाशी बांधलेला, मनगटाएवढा जाड लोखंडी नळा. दोन्ही टोकांना रबरी बुश, अंगावर काळा रंग आणि रंगावर वाळलेल्या चिखलाचे थर. शेजारीच कमानपाटे असतात आणि नजर आधी त्यांच्याकडे जाते, कारण गाडीचे मागचे सगळे वजन त्यांच्यावर उभे असते. शॉकअपवर काहीच उभे नसते. तो काढून बाजूला ठेवला तरी उभी गाडी खाली बसत नाही. तो धड आहे की निकामी झाला आहे, हे थांबलेल्या गाडीकडे लांबून पाहून कुणालाही सांगता येणार नाही. त्याचे काम गाडी हलल्यावर सुरू होते आणि ती थांबली की संपते. म्हणूनच बहुधा त्याच्याइतका विसरला जाणारा भाग गाडीत दुसरा नाही.

खड्डा आला की पाटा किंवा स्प्रिंग दबते. हादरा ती स्वतःच्या पोटात घेते खरी, पण ठेवून घेत नाही. पुढच्याच क्षणी परत देते. दिलेले पुन्हा घेते, पुन्हा देते. एकदा झोका दिलेला झोपाळा कुणी पाय टेकवेपर्यंत हलत राहतो, तशीच ही देवघेव. तो टेकवलेला पाय म्हणजे शॉकअप. हादरा झेलण्याचे काम पाट्यांचे. झेललेल्या हादऱ्याचा शेवट करण्याचे काम शॉकअपचे. पाट्यांनाही हे थोडेफार जमते, कारण एकावर एक ठेवलेली पाने एकमेकांवर घासतात आणि त्या घासण्यात काही झुलणे जिरून जाते. घोड्यांच्या बग्ग्या आणि अगदी पहिल्या मोटारी तेवढ्यावरच चालल्या. वेग वाढला तेव्हा ते घासणे पुरेनासे झाले.

चालत्या गाडीत दोन वेगवेगळी झुलणी एकाच वेळी चालू असतात. वरचा सांगाडा, म्हणजे माणसे, सीट, इंजिन आणि टपावरचे सामान, सेकंदाला साधारण एक ते दीड वेळा खालीवर होतो. हे झुलणे माणसाच्या अंगाला कळते; लांबले तर पोटात ढवळते. खालचे चाक आणि अ‍ॅक्सल मात्र सेकंदाला दहा ते पंधरा वेळा थरथरतात, आणि ही थरथर आत बसलेल्याला जेमतेम जाणवते. पण खरी चिंता हिचीच करावी. थरथरणारे चाक काही क्षण जमिनीवरून सुटते, किंवा टेकलेले असूनही हलके होते, आणि तेवढ्या वेळात ब्रेक दाबला काय, स्टीअरिंग वळवले काय, टायरच्या हातात काही नसते. शॉकअप आरामासाठी असतो, ही समजूत सर्वदूर आहे आणि तिच्यामुळे फार नुकसान झाले आहे. आराम ही त्याच्या कामातून मिळणारी वरकड गोष्ट आहे. त्याचे पहिले काम टायर जमिनीला टेकवून ठेवण्याचे.

नळ्याच्या आत आणखी एक नळा असतो. आतल्या नळ्यात तेल आणि तेलात बुडालेला पिस्टन. पिस्टनला जोडलेला, आरशासारखा घासलेला, क्रोमचा मुलामा दिलेला दांडा वरच्या सीलमधून बाहेर येतो. पिस्टनला बारीक भोके असतात आणि भोकांवर पातळ पोलादी चकत्या. गाडी सावकाश झुलत असेल तेव्हा तेल अगदी अरुंद वाटेने पलीकडे जाते. दणका जोराचा असेल तेव्हा तेलाच्या दाबाने चकत्या वाकतात, वाट रुंद होते आणि शॉकअप आडमुठेपणा न करता दणक्याला जागा देतो. दांडा आत शिरला की तो स्वतःपुरती जागा व्यापतो, तेवढे तेल कुठेतरी जायला हवे. ते तळाच्या झडपेतून बाहेरच्या नळ्यात जाते आणि दांडा बाहेर आला की परत येते. या रचनेत विलक्षण काटकसर आहे. वीज नाही, तार नाही, सेन्सर नाही. रस्ता जसा येईल तसे तेलच ठरवते, किती अडायचे आणि किती सोडायचे.

दबताना आणि उलगडताना शॉकअप सारखा वागत नाही. दबताना तो बराच मऊ असतो, उलगडताना कडक. चाक उंचवट्यावर चढताना त्याला अडवायला स्प्रिंग समर्थ असते. तिथे शॉकअपही आडवा आला तर दणका सरळ आत बसलेल्यांच्या मणक्यात जाईल. पण दबलेली स्प्रिंग जेव्हा सगळी साठवण घेऊन गाडी वर फेकायला निघते, तेव्हा तिला धरणारे दुसरे कुणी नसते. म्हणून चांगला शॉकअप हातात घेऊन पाहिला तर दांडा आत ढकलणे सोपे जाते आणि बाहेर ओढताना हात भरून येतात.

धरलेल्या ऊर्जेचे पुढे काय होते, याचे उत्तर साधे आहे: उष्णता. तेल अरुंद भोकांतून ढकलले जाते, तापते, ती ऊब नळ्यात येते आणि वाऱ्यावर निघून जाते. दोन टनांची गाडी पाच सेंटिमीटर खाली आपटली, तर त्यातून निघणारी ऊर्जा पाव लिटर पाणी एक अंश सेल्सियसनेही तापवू शकत नाही. एक हादरा म्हणजे एवढे थोडके. पण कच्च्या रस्त्यावर हादरे एकेकटे येत नाहीत. खडबडीत वाट संपवून आलेल्या गाडीच्या शॉकअपला हात लावला तर चटका बसू शकतो. त्या चटक्यातच सबंध वाट साठलेली असते.

या नळ्यापर्यंत यायला माणसाला बरीच वर्षे लागली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये ज्यूल त्र्युफो याने एकमेकींवर दाबून धरलेल्या चकत्यांच्या घर्षणाने झुलणे थांबवण्याची युक्ती काढली. अमेरिकेत एडवर्ड हार्टफर्डने ती मोटारींना बसवून विकली. क्लीव्हलँडच्या क्लॉड फॉस्टरने स्प्रिंगभोवती पट्टा गुंडाळलेले एक साधन केले, ज्यात गाडी वर उसळू लागली की पट्टा ताणून तिला रोखत असे. फ्रान्सच्याच मोरिस हुदाइने घर्षणाऐवजी तेलावर भिस्त ठेवली आणि पुढची सगळी वाट त्याच दिशेने गेली. १९२७ च्या अखेरीस फोर्डची मॉडेल ए बाजारात आली ती हुदाइच्या तेलाच्या शॉकअपसह. मात्र हे तेलाचे शॉकअप चासीला बांधलेल्या डबीतून बाहेर आलेल्या दांडीने हलणारे होते. सरळ नळ्याचा आकार १९३० च्या दशकात रुळू लागला. १९५० च्या दशकात क्रिस्तियाँ बुर्सिए द कार्बाँ या फ्रेंच संशोधकाने एकाच नळ्यात तेल आणि त्याखाली मोठ्या दाबाचा नायट्रोजन, मध्ये तरता पिस्टन, अशी रचना सिद्ध केली. जर्मनीच्या बिल्स्टाइनने ती मर्सिडीजसाठी घडवली.

फॉस्टरच्या कंपनीचे नाव गेब्रियल. १९६१ मध्ये मुंबईत गेब्रियल इंडिया सुरू झाली आणि पुढे चाकण व नाशिकलाही तिचे कारखाने झाले. महाराष्ट्रातल्या कित्येक गॅरेजांत शॉकअप म्हटले की आजही हेच नाव आधी तोंडात येते. बोलेरोही नाशिकचीच. म्हणजे गाडी, तिचे शॉकअप आणि ते खिळखिळे करणारे रस्ते अशा तिन्ही गोष्टी एकाच मुलखात तयार होतात.

रस्त्यांबद्दल थोडे सविस्तर बोलायला हवे, कारण शॉकअपचे आयुष्य वर्षांपेक्षा रस्त्यांवर ठरते. बऱ्याच उत्पादकांच्या सल्ल्यात ऐंशी हजार किलोमीटरच्या आसपासचा आकडा येतो. तो गुळगुळीत रस्त्यांचा हिशेब आहे. पुणे–मुंबई द्रुतगती मार्गावर धावणारी गाडी आणि आषाढात वरंधा घाट उतरून महाडकडे जाणारी गाडी यांचे मीटर सारखेच किलोमीटर दाखवतात, पण त्यांच्या शॉकअपांनी सारखे किलोमीटर पाहिलेले नसतात. भोकदार डांबर, साखर कारखान्यांच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या, कोकणातल्या जांभ्याच्या वाटा, ताडोबाच्या आतले मातीचे रस्ते, जिथे पुढेमागे दोन्हीकडे पाटे असलेल्या जिप्सी पर्यटकांना घेऊन फिरत आल्या: प्रत्येक वाट शॉकअपला वेगळ्या तऱ्हेने झिजवते.

सगळ्यांत क्रूर वाट मात्र खड्ड्यांची नसते. ती कच्च्या रस्त्यावर आडव्या पडलेल्या लाटांची असते, पन्हाळी पत्र्यासारख्या दिसणाऱ्या. एका लाटेपासून दुसरी लाट अर्ध्या ते एक मीटरवर. लाटा सत्तर सेंटिमीटरवर असतील आणि गाडी ताशी पन्नास किलोमीटरने जात असेल, तर चाकाला दर सेकंदाला सुमारे वीस धक्के बसतात. तासाभरात सत्तर हजारांवर. तेल तापून पातळ होते, बाहेरच्या नळ्यातली हवा त्यात मिसळते, फेस होतो. फेस भोकांतून विनासायास निघून जातो आणि पिस्टनला अडवायला काही उरत नाही. चालकाला वाटते, रस्ताच अचानक खराब झाला. गाडी थांबवून अर्धा तास गेला की तेल निवते, फेस बसतो आणि शॉकअप पुन्हा काम करू लागतो. वायू भरलेल्या शॉकअपात नायट्रोजनचा दाब तेलाला असे फेसाळू देत नाही, एवढ्यासाठीच तो भरलेला असतो.

या लाटा पडतात कशा, हा प्रश्न भौतिकशास्त्रज्ञांनाही मोहात पाडणारा ठरला. ऑस्ट्रेलियातल्या कच्च्या रस्त्यांचा अनुभव असलेल्या कीथ मॅथरने गोल मार्गावर वाळूत चाक फिरवून प्रयोग केले आणि १९६३ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांची हकिगत लिहिली. एका ठरावीक वेगाच्या वर चाक लहानशा उंचवट्यावरून उडते, पुढे आपटते, आपटले तिथे वाळू खणते, आणि पुढचे चाक त्याच खळग्यातून उडते. रस्ता कोरडा आणि वेग पुरेसा असला की लाटा पडतातच. म्हणजे रस्ता चाकाला हादरवतो, हे अर्धेच सत्य. चाकानेच तो रस्ता घडवलेला असतो, आणि मागून येणारी प्रत्येक गाडी पुढे गेलेल्या सगळ्या गाड्यांचे हादरे सोसते.

रस्त्याचा खडबडीतपणा मोजण्याची जगभर मान्य झालेली रीतही शॉकअपभोवतीच फिरते. जागतिक बँकेच्या पुढाकाराने १९८२ मध्ये ब्राझीलची राजधानी ब्राझिलिया येथे मोठा प्रयोग झाला आणि त्यातून आंतरराष्ट्रीय खडबड निर्देशांक निघाला. त्यात एक कल्पित गाडी असते, खरे तर गाडीचा एक कोपरा: एक चाक, एक स्प्रिंग, एक शॉकअप आणि वरचे वजन, सगळ्यांची मापे कायमची ठरलेली. मोजलेल्या रस्त्यावरून तिला गणिताने ताशी ऐंशी किलोमीटर वेगाने चालवायचे आणि दर किलोमीटरला तिचे स्प्रिंग-शॉकअप एकूण किती मीटर हलले ते मोजायचे. तो आकडा म्हणजे त्या रस्त्याचा खडबडीतपणा. या कल्पित गाडीचा शॉकअप कधी गळत नाही, थकत नाही. खऱ्या गाडीला ते भाग्य नाही.

गतिरोधकांचेही तसेच, कागदावर एक आणि रस्त्यावर दुसरेच. भारतीय रस्ते महासभेच्या १९८८ च्या मानकानुसार ताशी पंचवीस किलोमीटरने ओलांडण्याजोगा गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि दहा सेंटिमीटर उंच, गोलाईचा असावा. गावच्या वेशीवर रातोरात घातलेला, दोनेक वीत रुंदीचा टोकदार ढिगारा या मापात कुठेच बसत नाही. त्यावरून जाताना शॉकअप एका क्षणात पूर्ण दबतो आणि दुसऱ्या क्षणी पूर्ण ताणला जातो. ज्यांच्या घरासमोर मूल गाडीखाली आले असेल त्यांना हे माप सांगण्यात अर्थ नाही. पण नीट बांधलेल्या गतिरोधकानेही गाड्या हळू होतात, हेही तितकेच खरे.

झीज आतून होते. तेलाचे गुण उतरतात, चकत्यांचा ताण जातो, पिस्टनभोवतीची फट वाढते. दांड्यावर चिकटलेला चिखल प्रत्येक हेलकाव्यासरशी सीलवर घासतो. एकदा दांड्याला चरा पडला की सील फाटते आणि तेल बाहेर झिरपू लागते. कोकणात खारट हवा आणि चार महिन्यांचा पाऊस दांड्याच्या मुलाम्याखाली गंज उठवतात. हे सगळे इतके सावकाश होते, की रोज गाडी चालवणाऱ्याला ते कळतच नाही. तो वळणावर थोडा आधी वेग कमी करू लागतो, ब्रेक थोडा लवकर दाबू लागतो, स्टीअरिंग घट्ट धरू लागतो. शॉकअपचे उणे झालेले काम माणूस स्वतःच्या अंगावर घेत जातो आणि ते अंगवळणी पडते. वडापच्या जीपमध्ये तर सोबतचे प्रवासीही त्या झुलण्याला सरावलेले असतात. बहुतेक वेळा हे लक्षात येते तेव्हा, जेव्हा दुसरा कुणीतरी ती गाडी चालवायला घेतो आणि पहिल्याच वळणावर विचारतो, गाडी अशी फेकते का?

खुणा मात्र असतात. ब्रेक मारला की नाक खाली जाते आणि थांबल्यावर उगाच एकदा वर उचलले जाते. घाटाच्या वळणावर गाडी बाहेरच्या अंगाला कलते आणि सरळ व्हायला वेळ घेते. पुलाच्या सांध्यावरून गेल्यावर मागचा भाग दोन-तीन वेळा झुलतो. टायरवरून तळहात फिरवला तर झीज सपाट लागत नाही; ठरावीक अंतराने उंचवटे आणि खळगे लागतात, कारण उडणारे चाक जिथे जिथे आपटले तिथे रबर घासले गेले. नळ्यावर तेलाचा हलका ओशटपणा आणि त्यावर धूळ असेल तर घाबरायचे कारण नाही, दांड्याबरोबर थोडे तेल बाहेर येतेच. पण तेलाचे ओघळ दिसले, खालचा बुश तेलात भिजलेला दिसला, तर निकाल लागलेला आहे.

बोनेटचा कोपरा दोन्ही हातांनी दाबून सोडायचा आणि गाडी एकदा वर येऊन स्थिर होते की झुलत राहते हे पाहायचे, ही चाचणी सगळ्यांना ठाऊक असते. ती खोटी नाही, पण अपुरी आहे. हाताने दाबण्याचा वेग फार कमी, त्या वेगाला पूर्ण मेलेला शॉकअपच उघडा पडतो. अर्धा झिजलेला सहज पास होतो. पाट्यांच्या गाडीत तर पानांचे घर्षणच ती हाताखाली शांत करते आणि चाचणी काहीच सांगत नाही. अनुभवी मिस्त्री निराळा उपाय करतात. गाडी दहा-पंधरा किलोमीटर खराब रस्त्याने फिरवून आणायची आणि लगेच चारही शॉकअपजवळ जपून हात न्यायचा. तीन गरम असतील आणि एक थंड, तर तो थंडच निकामी. ज्याने काम केले तो तापला. इतकी सोपी आणि इतकी खात्रीची तपासणी गॅरेजच्या विद्येत थोडीच सापडेल.

बदलायचे ठरले की एक घेऊन चालत नाही. एका अ‍ॅक्सलचे दोन्ही एकदम बदलावे लागतात, नाहीतर डावे चाक एका तऱ्हेने आणि उजवे दुसऱ्या तऱ्हेने जमीन धरते आणि ओल्या रस्त्यावर जोराने ब्रेक मारताना गाडी एका अंगाला ओढली जाते. पैशांची ओढाताण असली तरी या बाबतीत तडजोड करू नये. दुसरा मोह कडकपणाचा. वडाप चालवणारे, भाजीची पोती वाहणारे मालक हमखास म्हणतात, सगळ्यांत कडक टाका, गाडी बसायला नको. पण गाडी बसते ती पाट्यांमुळे. पान मोडलेले असेल, कमान सपाट झाली असेल, तर जगातला सर्वांत कडक शॉकअपही तिला उचलून धरणार नाही. उलट फाजील कडक शॉकअप रिकाम्या गाडीत चाकाला खाली यायलाच देत नाही आणि खडबडीत रस्त्यावर टायर जमिनीऐवजी हवेत राहतो. गाडीची उंची वाढवली असेल तर लांब शॉकअप लागतो. मूळ लांबीचा घातला तर चाक खाली लोंबले की तोच ताणून तुटतो. एवढे सांभाळले तर कंपनीने त्या गाडीसाठी ठरवलेला शॉकअपच बहुतेकांना पुरतो.

काम मागून सुरू करणे सोयीचे. गाडी सपाट जागी, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडी ठोकळे, मग जॅक, आणि जॅकवर विसंबून न राहता चासीखाली भक्कम लोखंडी घोडी. जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. फक्त जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली शिरणारा माणूस आपला जीव एका रबरी सीलच्या भरवशावर टाकतो. अ‍ॅक्सलखाली दुसरा जॅक लावून तिचे ओझे किंचित उचलले की शॉकअपवरचा ताण जातो. पाट्यांच्या गाडीत अ‍ॅक्सल पाटेच धरून ठेवतात. मागे स्प्रिंगा असलेल्या गाडीत मात्र चाकाला खाली लोंबण्यापासून बरेचदा शॉकअपच रोखत असतो. आधार न देता नट काढला तर अ‍ॅक्सल खाली कोसळते, स्प्रिंग निसटते आणि ब्रेकचा पाइप ताणला जातो.

अर्धा दिवस जातो तो नटांत. चिखल, पाणी आणि वर्षांचा गंज यांनी नट बोल्टाशी एकजीव झालेला असतो. तारेच्या ब्रशने आटे साफ करून आदल्या रात्रीच गंज सोडवणारे तेल मारून ठेवले, की सकाळचे निम्मे कष्ट वाचतात. मग रिंग पाना, पान्यावर पाइप आणि धीर. झटके देत बसण्यापेक्षा नट थोडा घट्ट करून मग सैल करावा, पुन्हा तेल सोडावे. वरच्या टोकाला कधी दांडाच फिरू लागतो आणि नट जागचा हलत नाही. दांड्याच्या शेंड्याला पाना बसेल अशा चपट्या कडा दिलेल्या असतात, त्या धरून नट फिरवायचा असतो. तरीही सुटला नाही तर ग्राइंडरने नट कापावा. गॅस कटरची ज्योत मात्र शॉकअपजवळ नेऊ नये. बंद नळ्यातले तेल आणि वायू तापले तर नळा फुटतो, आणि त्या वेळी मिस्त्रीचा चेहरा त्याच्यापासून हातभर अंतरावर असतो.

नवा शॉकअप खोक्यातून काढून थेट बसवणे ही सर्रास होणारी चूक आहे. दुहेरी नळ्याचा शॉकअप दुकानात आडवा पडलेला असतो, त्यामुळे बाहेरच्या नळ्यातली हवा आतल्या नळ्यात शिरलेली असते. तो उभा धरायचा, दांडा वर, आणि सावकाश पूर्ण ओढायचा, सावकाश पूर्ण दाबायचा, चार-पाच वेळा. सुरुवातीला मध्येच पोकळ ढिलाई लागते, मग ती नाहीशी होते आणि सबंध लांबीभर एकसारखा भरीव अडसर हाताला जाणवतो. हा क्षण सुंदर असतो. वजनदार, थंड नळा हातात असतो आणि आत तेल आपली जागा घेत असते. त्यानंतर त्याला पुन्हा आडवा करू नये. वायूचा शॉकअप पट्टीने बांधून दाबलेला येतो. जागेवर धरून मगच पट्टी कापायची, दांडा आपोआप बाहेर येतो. काहीही झाले तरी उघड्या दांड्याला पक्कड लावायची नाही. डोळ्यालाही न दिसणारा चरा काही महिन्यांत सील फाडतो.

दोन्ही टोकांना डोळा असलेला शॉकअप बोल्टात सरकवला, वायसर घातले, नट हाताने लावले, की थांबायचे. शेवटचा ताण गाडी चाकांवर उभी राहिल्यावर द्यायचा. बुशचे रबर आत-बाहेरच्या नळ्यांना चिकटलेले असेल तर ते फिरत नाही, पिळले जाते. चाक लोंबत असताना नट कसला तर गाडी खाली येताच रबर कायमचे पिळलेल्या अवस्थेत राहते आणि लवकर फाटते. दांड्याच्या शेंड्यावर रबरी उशा असतील तिथे नट किती कसायचा याला माप आहे, ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. ते हाताशी नसेल तर रबर फुगून वायसरच्या कडेला आले की पुरे. त्यापुढे कसणे म्हणजे रबर चिरडणे.

पुढे बोलेरोला पाटे नाहीत. तिथे प्रत्येक चाक वेगळे लटकवलेले आणि स्प्रिंगा गुंडाळीच्या. अशा रचनेत खालच्या आर्मखाली जॅकचा आधार देऊन, स्प्रिंगला जागची हलू न देता शॉकअप बदलायचा असतो. स्प्रिंग दबलेली आहे आणि तिच्यात माणूस जायबंदी करण्याइतके बळ आहे, हे क्षणभरही विसरून चालत नाही. आजच्या बहुतेक छोट्या मोटारींत तर शॉकअप आणि स्प्रिंग एकाच खांबात बांधलेले असतात. फोर्डच्या अर्ल मॅकफर्सनने रूढ केलेली ही रचना. तो खांब सोडवायला स्प्रिंग दाबून धरणारे साधन लागते आणि नंतर चाकांचे अलाइनमेंट करून घ्यावे लागते. हे काम साधन आणि सराव असलेल्या गॅरेजवर सोपवणेच शहाणपणाचे.

काढलेला शॉकअप हातात घेतला की त्याचे खरे वय कळते. दांडा दाबला तर तो तसाच आत राहतो किंवा काही अडसर न लागता सळसळत बाहेर येतो. कधी आत खुळखुळ ऐकू येते. असे शॉकअप भंगारात जातात, पण तसेच टाकणे धोक्याचे. वायूचा असेल तर उत्पादकाने सांगितलेल्या ठिकाणी बारीक छिद्र पाडून दाब सोडावा लागतो, तोही डोळ्यांवर चष्मा लावून. तेल डबीत गोळा करून जुन्या इंजिन ऑइलबरोबर द्यावे, गॅरेजमागच्या नाल्यात ओतू नये. त्यानंतर उरते ते निव्वळ पोलाद.

पहिल्या फेरीत गाडी अनोळखी वाटते. गतिरोधकावरून एकदाच वर येते आणि थांबते. वळणात कलते, पण कललेली राहत नाही. चालकाचे हात सवयीने स्टीअरिंग घट्ट धरून असतात. ते सैल व्हायला काही दिवस जातात. कुणाकुणाला गाडी आधीपेक्षा कडक झाल्यासारखी वाटते आणि ती तक्रार खरीही असते, कारण लहान खडे, सांधे, भेगा आता कळू लागतात. काहीशे किलोमीटरनंतर सगळे नट पुन्हा एकदा पान्याने तपासावे लागतात, रबर बसले की ते किंचित सैल होतात.

साधारण याच सुमारास मालक आवाजाचे गाऱ्हाणे घेऊन परत येतो. शॉकअप नवे आहेत, तरी मागून टकटक ऐकू येते. नव्या शॉकअपांचा यात बहुधा दोष नसतो. गाडी सैल झुलत होती तोवर तिच्या सगळ्या कुरकुरी एकमेकींत मिसळून गेलेल्या होत्या. झुलणे थांबल्यावर त्या सुट्या होऊन ऐकू येतात. पाट्यांच्या शॅकलचा बुश, स्टॅबिलायझर बारचे रबर, एखादा बॉल जॉइंट, एक्झॉस्ट टांगलेला रबरी पट्टा. मिस्त्री गाडी पुन्हा घोडीवर घेतो, शॅकलमध्ये पहार घालून हलवतो, मालकाला जवळ बोलावून फट दाखवतो, आणि यातले आत्ता काय बदलायचे, दिवाळीनंतर काय, याचे बोलणे सुरू होते.